नडगी दुखतेय तरी पळताय? भरतीची तयारी करणाऱ्या कोकणातल्या पोरांसाठी

पाखाडी (धागाकर्ती) | रविवार, रात्री ९:१५

गणपती गेले की आमच्या तालुक्यात दोन ठिकाणी गर्दी होते. एसटी स्टँडवर मुंबईला परतणाऱ्यांची आणि माझ्या दवाखान्यात नडगी धरून येणाऱ्या पोरांची. मी फिजिओथेरपिस्ट आहे, रत्नागिरी जिल्ह्यात प्रॅक्टिस करते. पोरं साधारण १८ ते २१ वयाची. कुणाला अग्निवीर व्हायचंय, कुणाला नेव्हीत जायचंय, कुणी पोलीस भरतीला बसलेलं. वाक्य मात्र सगळ्यांचं एकच: "मॅडम, ग्राउंड जवळ आलंय, तेवढं पळण्यापुरतं करून द्या."

आर्मीने २०२३ पासून क्रम बदलला. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, त्यात निघालात तर मैदान. त्यामुळे पावसाळाभर पोरगं गणितं सोडवत बसतं. पळायचं म्हटलं तरी कुठे पळणार? शाळेचं मैदान चिखलात, सडा (कातळाचं पठार) शेवाळलेला, शेतात लावणी. मग निकाल लागला की दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर सुरुवात, आणि तीही थेट १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत बसवायच्या हिशोबाने, कारण साडेपाचच्या आत आलं तर पूर्ण ६० मार्क. पहिला आठवडा अंग दुखतं, दुसऱ्यात जोर येतो, दम वाढतो, वेळ कमी होते. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सगळं छान चाललेलं असताना, नडगी धरते.

हा तिसरा-चौथा आठवडा योगायोगाने येत नाही. फुप्फुसं, हृदय, स्नायू लवकर तयार होतात. हाड मागे राहतं. नेहमीपेक्षा जास्त ताण पडला की शरीर आधी त्या जागचं जुनं हाड पोखरून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. पोखरायला काही आठवडे लागतात, भरून घट्ट व्हायला काही महिने. घर शाकारायला कौलं उतरवलेली असावीत आणि नेमका तेव्हाच पाऊस यावा, तशी ती मधली वेळ असते. आणि आमची पोरं नेमकी तेव्हाच अंतर वाढवतात, कारण दम साथ देत असतो.

नडगीचं प्रत्येक दुखणं म्हणजे फ्रॅक्चर नव्हे, आणि "शिन स्प्लिंट आहे, सगळ्यांना होतं" म्हणून सोडून देण्यासारखंही नव्हे. घरी एवढं करून बघा. खुर्चीवर बसा, नडगीच्या आतल्या कडेवरून घोट्यापासून वर अंगठा दाबत न्या. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात सगळीकडे दुखत असेल, पळायला लागल्यावर दहा मिनिटांनी कमी होत असेल आणि थांबल्यावर पुन्हा ठणकत असेल, तर बहुतेक शिन स्प्लिंट, म्हणजे हाडाला चीर न जाता त्याच्या कडेला आलेलं दुखणं. पण एकाच जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या ठिकाणी अंगठा टेकवताच माणूस उडत असेल, पळताना दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, नंतर साधं चालतानाही आणि रात्री अंथरुणातही ठसठसत असेल, तर हाडाला बारीक चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, असू शकते. तेव्हा पळणं त्या दिवशी बंद. पुढच्या सोमवारपासून नव्हे.

एक ठिकाण मात्र घरी तपासायचंच नाही: जांघ. पळताना जांघेत खोल कुठेतरी दुखतंय आणि पाय टेकवायला त्रास होतोय, तर ते मांडीच्या हाडाच्या मानेचं स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं. मान सरकली तर ऑपरेशन आहे आणि पुढे सांधाही धोक्यात. स्नायू ताणला गेला असं समजून यावर मालिश करणारे पाहिलेत म्हणून मुद्दाम लिहिते.

तुमच्याकडे, तुमच्या वाडीत काय होतं ते लिहा. आजी-माजी फौजी मंडळींनी तर नक्कीच.

---

खाडीपलीकडे | रविवार, रात्री १०:०२

लेख चांगला, पण थोडी अतिशयोक्ती वाटते. आमच्या वडिलांची पिढी अनवाणी पळून भरती झाली. महाडकडे फौजी आंबवडे म्हणून गाव आहे, पिढ्यान् पिढ्या घरटी सैनिक. त्यांच्या कुणाच्या नडग्या मोडल्या? आता पोरांना आठ हजारांचे बूट, प्रोटीनचे डबे आणि वर फिजिओ.

---

सुभेदार_निवृत्त | सोमवार, सकाळी ६:१०

खाडीपलीकडे साहेब, मोडत होत्या. फक्त ते कुणी लिहून ठेवत नव्हतं. मी पायदळात होतो, शेवटची काही वर्षं रंगरुटांना पीटी शिकवली. नडगी, गुडघा, घोटा, चवडा, याच चार जागा. बॅचमागून बॅच तेच.

तुमच्या वडिलांच्या पिढीत आणि आताच्या पोरांत फरक आहे, तो मी मान्य करतो. ती माणसं लहानपणापासून पाखाडी चढून शाळेत गेली, डोक्यावर भारे वाहिले, ढोरांमागे सडा पालथा घातला. हाड भरतीच्या आधीच तयार झालेलं होतं. आताचा पोरगा दहावीपासून गाडीवर. दोष त्याचा नाही. पण १९ वर्षं न केलेलं काम सहा आठवड्यांत होत नाही.

आत गेल्यावर काय होतं ते सांगतो, कारण घरच्यांना कल्पना नसते. ट्रेनिंग सेंटरमध्ये फक्त पळणं नसतं. सकाळी पीटी, मग ड्रिल. ड्रिलमध्ये गुडघा वर उचलून टाच सिमेंटच्या स्क्वेअरवर आपटायची, कदमताल वेगळा, दिवसभर डबल मार्च. चूक झाली की रगडा. संध्याकाळी खेळ. पुढे पिठ्ठू (पाठीवरची वजनाची बॅग) आणि रायफल. यातलं एकेक काम पाय सहन करतो. सगळं मिळून रोजचं होतं तेव्हा बसतं. नवीन बूट कडक असतात, ते पायाला बसेपर्यंत फोड येतात, फोड आला की पोरगा पाय तिरका टाकतो आणि आठवड्याने गुडघा धरतो.

आणि लपवालपवी. सिक रिपोर्ट दिला, एमआय रूममधून, म्हणजे तिथल्या दवाखान्यातून, पीटी-परेड माफ झाली, की पोराच्या डोक्यात एकच: रेलिगेट होणार म्हणजे मागच्या बॅचमध्ये ढकलले जाणार, आपली बॅच पुढे जाणार, कसम परेड (शपथेची परेड) चुकणार, गावात काय सांगू? म्हणून दात-ओठ खाऊन पळतो. आठ दिवसांच्या आरामात बरं होणारं दुखणं अडीच-तीन महिन्यांवर जातं आणि मग रेलिगेट व्हायचं ते होतोच. उस्ताद, म्हणजे शिकवणाऱ्या लोकांतही दोन प्रकार. एकाला लंगडणारा पोरगा दुरून दिसतो. दुसरा त्याला "बहाना" म्हणतो. मी दोन्ही प्रकारच्या लोकांबरोबर काम केलंय.

---

चिपळूणचा_धावपटू | सोमवार, सकाळी ८:४५

+१ सुभेदारसाहेब. हौशी धावपटू आहे, या विषयावर बरंच वाचलंय, म्हणून थोडी भर.

इस्रायली सैन्यात १९८५ साली २९५ रंगरुटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ३१ टक्के मुलांना स्ट्रेस फ्रॅक्चर निघाली. जवळजवळ तिघांत एक! अर्थात त्यांनी प्रत्येक दुखऱ्या पायाच्या मागे लागून तपासण्या केल्या म्हणून आकडा एवढा मोठा, पण तरी. पुढे त्यांच्याच लोकांना आढळलं की भरतीच्या आधी किमान दोन वर्षं चेंडूचे खेळ, मुख्यतः बास्केटबॉल, खेळलेल्या मुलांत हे प्रमाण लक्षणीय कमी होतं. उड्या, अचानक वळणं, थांबणं, सगळ्या दिशांनी हाडावर ताण. नुसत्या सरळ पळण्याने ते होत नाही. म्हणजे वाडीतला संध्याकाळचा व्हॉलीबॉल हा टाइमपास नाही हो.

दुसरं. अमेरिकेत सॅन दिएगोला मरीन रंगरुटांचं धावण्याचं अंतर ४० टक्क्यांनी कमी केलं तेव्हा स्ट्रेस फ्रॅक्चर ५४ टक्क्यांनी घटली, आणि पळण्याच्या वेळेत फारसा फरक पडला नाही. आमच्याकडे मात्र अकॅडमीवाले सकाळी सात आणि संध्याकाळी पाच किलोमीटर पळवतात, रविवार धरून. १.६ किलोमीटरच्या चाचणीसाठी!

---

मालवणी_माऊली | सोमवार, दुपारी १:३०

माझो झिल दोन म्हयने झाले पळता हा. आता पायाक सूज ईली तरी आयकना नाय. मेडिकलातसून गोळी हाडता, खाता नि परत पळाक जाता. तुमी लिवलास ता तेका वाचूक दिलंय. पण माका एक सांगा, नडगेक तेल लावन चोळूचा की नाय? आमची सासू निरगुडीचो पालो गरम करून बांधूक सांगता.

---

पाखाडी | सोमवार, दुपारी ३:१०

काकी, पोटरीला तेल लावून हलक्या हाताने चोळलंत तर हरकत नाही, निरगुडीचा शेक पोटरीला दिलात तरी चालेल, बरं वाटतं. हाडावर मात्र दाबून चोळायचं नाही. सूज आहे म्हणताय, म्हणजे आता शेक-तेलाच्या पुढे गेलंय. पळणं थांबवा आणि या आठवड्यातच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

गोळीचं वेगळं सांगते, कारण हे घरोघरी चाललंय. पळायच्या आधी वेदनाशामक गोळी घेणं सगळ्यात वाईट. दुखणं दबतं, चीर वाढत राहते. त्यात ऑक्टोबरचा उकाडा, घाम, पाणी कमी, आणि पोटात ती गोळी. किडनीवर ताण येतो. मुलगा आयकना नाय तर त्याला हे शेवटचं वाक्य दाखवा.

---

अस्थिरोग_तज्ज्ञ | सोमवार, रात्री ९:५०

पाखाडी, उत्तम धागा. माझ्या बाजूने थोडं.

सर्वांत जास्त गोंधळ एक्स-रेवरून होतो. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिले दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त, साध्या एक्स-रेत दिसत नाही. पोरगं एक्स-रे काढतं, रिपोर्ट नॉर्मल येतो, घरचे म्हणतात "काही नाही, नाटकं करतोय", आणि तो पुन्हा रस्त्यावर. नंतर दुसऱ्या एक्स-रेत चिरेभोवती नवं हाड जमलेलं दिसतं, तेव्हा कळतं. शंका दाट असेल तर एमआरआय. त्यात हाडाच्या आतली सूज आधीच दिसते. खर्चिक आहे, प्रत्येकाला लागत नाही. बऱ्याचदा तपासूनच निदान होतं आणि चीर असल्याचं गृहीत धरून विश्रांती दिली तरी चालतं. जांघेच्या दुखण्यात मात्र मी एमआरआयवर घासाघीस करत नाही.

गंमत म्हणजे हा आजार एक्स-रेपेक्षा जुना. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कवायतींनंतर सैनिकांचे चवडे सुजतात, दुखतात असं नोंदवलं. हाड तुटलंय हे त्याला दिसणं शक्यच नव्हतं. १८९५ ला क्ष-किरण सापडले आणि १८९७ मध्ये त्या सुजलेल्या चवड्यांत चिरा दिसल्या. आजही पुस्तकात त्याला 'मार्च फ्रॅक्चर'च म्हणतात.

अजून एक प्रकार धाग्यात आला नाही. पळायला लागल्यावर ठराविक वेळाने नडगीचा बाहेरचा भाग दगडासारखा टणक होतो, पावलाला मुंग्या येतात, थांबलं की थोड्या वेळात सगळं गायब. हे हाड नव्हे. स्नायूच्या आवरणात दाब वाढतो. याला मालिश, बूट, व्यायाम यांचा फार उपयोग होत नाही. वेगळी तपासणी लागते. तसंच पिठ्ठूच्या पट्ट्याने खांद्यातली नस दाबून हात बधिर होणं. तो हात लुळा पडेपर्यंत वाट बघायची नसते, सुभेदारसाहेबांना माहीत असेल.

---

सुभेदार_निवृत्त | मंगळवार, सकाळी ५:५५

हो, पाहिलंय. पट्टे ढिले ठेवून पिठ्ठू कमरेवर लोंबकळत ठेवणारे आणि उलट गच्च आवळणारे, दोघांनाही होतं. वजन पाठीच्या वरच्या भागाला चिकटून हवं.

---

नाखवा | मंगळवार, सकाळी ७:२०

किनाऱ्यावर पळणाऱ्यांसाठी. इथे बरेच लोक सांगतात की डांबरीवर नको, पुळणीत पळ. अर्धंच खरं आहे.

कोरड्या भुसभुशीत वाळूत टाच खाली रुतते, पोटरी आणि टाचेची शीर ओढली जाते. पाण्याजवळची ओली वाळू घट्ट, ती चांगली, पण ती सपाट मिळते फक्त ओहोटीला. पाणी वर असेल तर तुम्हाला किनाऱ्याच्या उतारावरून पळावं लागतं, एक पाय सतत वर, एक खाली. रोज एकाच बाजूने गेलात तर समुद्राकडच्या पायाचा गुडघा बाहेरून दुखायला लागतो. जाताना-येताना दोन्ही दिशा धरा.

आणि रोज पाचलाच जायचा हट्ट सोडा. ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. आमचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पाणी पूर्ण चढायची वेळ साधारण येते. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बारा-साडेअकराच्या सुमारास पाणी भरतं, म्हणजे पहाटे साडेपाच-सहाला समुद्र पार आत गेलेला, रस्त्यासारखी वाळू. अष्टमीला बरोबर उलटं, पहाटे सहाला पाणी वर. तेव्हा अष्टमीच्या आसपास पहाटे किनाऱ्यावर पळायला जाऊ नका, शाळेच्या मैदानावर जा. हा हिशोब ढोबळ आहे, तासाभराचा फरक धरा.

---

चिपळूणचा_धावपटू | मंगळवार, सकाळी ९:०५

नाखवा, दंडवत. हे कुठल्याच रनिंग ॲपमध्ये नाही.

---

रानजाई | मंगळवार, रात्री ८:४०

मी मुलगी आहे, पोलीस भरतीची तयारी करते. विचारायला जरा अवघड वाटतंय, पण इथे नाव नाही म्हणून विचारते. पळणं वाढवल्यापासून माझी पाळी अनियमित झालीय, आता तर येतच नाही. मैत्रिणी म्हणतात बरंच झालं, सराव बुडत नाही. नवरात्रात नऊ दिवस उपास केले, तेव्हाही पळत होते. आता डाव्या नडगीत एका जागी दुखतंय. याचा काही संबंध असतो का?

---

अस्थिरोग_तज्ज्ञ | मंगळवार, रात्री ९:३०

संबंध आहे, आणि विचारलंत हे फार बरं केलंत. खाणं कमी आणि श्रम जास्त झाले की शरीर पाळी थांबवतं. त्याबरोबर हाड सांभाळणारं संप्रेरकही घटतं. अशा मुलींत हाडाच्या चिरा जास्त दिसतात आणि भरायलाही जास्त वेळ लागतो. पाळी थांबणं म्हणजे सराव चांगला चालल्याची खूण नाही. पळणं थांबवा, स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि हाडांच्या डॉक्टरांना, दोघांनाही दाखवा. नडगीच्या डॉक्टरांना पाळीचं आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

अमेरिकन नेव्हीत महिला रंगरुटांवर एक मोठी चाचणी झाली, २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ५ हजारांवर मुली. निम्म्यांना रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट 'ड' जीवनसत्त्व दिलं. त्या गटात स्ट्रेस फ्रॅक्चर २० टक्क्यांनी कमी झाली. पण हे वाचून कुणी मेडिकलमधून गोळ्यांचे डबे आणू नका. आधी तपासणी, मग डोस.

मुलींसाठी एक वेगळं: परेडमध्ये उंच लोकांच्या पावलाशी पाऊल जुळवायला बुटक्या मुली ढांगा लांब टाकतात, त्यातून ओटीपोटाच्या पुढच्या हाडाला चीर जाते. म्हणून काही सैन्यांनी बुटक्यांना पुढे ठेवायला आणि पाऊल आखूड करायला सुरुवात केली.

---

खाडीपलीकडे | मंगळवार, रात्री १०:१५

नऊ दिवस उपास करून पळणं म्हणजे कमाल आहे. बाकी कॅल्शियमसाठी गोळ्या कशाला, आपल्याकडे नाचणी आहे. शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, गहू-तांदूळ जवळपासही नाहीत. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी काट्यासकट खाता येतील अशी बारीक मासळी, जवळा. आमच्या वडिलांच्या पिढीचं रहस्य हेच. (अजून मागे हटलेलो नाही!)

---

पाखाडी | मंगळवार, रात्री १०:४०

या मुद्द्यावर तुम्हाला पूर्ण अनुमोदन. आंबील, मासळी, तीळ, दूध-ताक, हे सगळं चालू ठेवा. पण रानजाईसारख्या मुलीला कॅल्शियमच्या आधी पोटभर जेवण हवंय. भात कमी केला, भाकरी सोडली, "वजन उतरलं की पळायला हलकं वाटतं," हे मी मुलींकडून आणि आता मुलांकडूनही ऐकते.

---

अग्निपथावर१९ | बुधवार, सकाळी ११:२०

सगळा धागा वाचला. लेखी पास झालोय, मैदानी चाचणीला आता थोडेच दिवस. उजव्या नडगीत अंगठ्याखाली एकाच जागी दुखतंय, पाखाडीताईंनी लिहिलंय तसंच. रात्री पण. रात्री मी बोटीवर जातो, मासळी उतरवायला. झोप चार-साडेचार तास होते, मग पाचला पळायला. प्रश्न: १) महागडे बूट घेतले तर कमी होईल का? माझे पाय थोडे सपाट आहेत, दुकानदार म्हणाला सपाट पायासाठी वेगळे बूट लागतात. २) पळायच्या आधी अर्धा तास स्ट्रेचिंग वाढवू का?

---

चिपळूणचा_धावपटू | बुधवार, दुपारी १२:१०

बुटांचं आणि स्ट्रेचिंगचं मी सांगतो, बाकीचं डॉक्टर सांगतील. अमेरिकन आर्मी, मरीन आणि हवाई दल, तिघांनी तळव्याच्या कमानीनुसार बूट वाटून पाहिले. ज्यांना सरसकट एकच बूट दिला त्यांच्यात आणि यांच्यात दुखापतींचा फरक पडला नाही. पाय न आवळणारे, टाच न झिजलेले बूट घे, दुकानदाराला पैसे देऊ नकोस. आणि ऑस्ट्रेलियन सैन्यात दीड हजारांवर रंगरुटांवर पाहिलं, पळायच्या आधीच्या स्ट्रेचिंगने दुखापती कमी झाल्या नाहीत. करायचं तर कर, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस.

"आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका" हा नियमही सगळे सांगतात. हॉलंडमध्ये नवख्या धावपटूंवर तो तपासला तेव्हा त्यानेही फरक पडला नाही. तरी हळू वाढवणं बरं, एवढंच मी म्हणेन; त्या दहाच्या आकड्यात काही जादू नाही.

---

अस्थिरोग_तज्ज्ञ | बुधवार, दुपारी २:००

झोपेवर लिहायचं राहिलं होतं. चिपळूणकरांनी सांगितलेल्या इस्रायली सैन्यानेच पुढे दोन गोष्टी केल्या: रंगरुटांना रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि एकूण चालण्याचं अंतर कमी केलं. स्ट्रेस फ्रॅक्चर निम्म्याहून खाली आली. यात खर्च शून्य.

अग्निपथावर, तू आज पळू नकोस, उद्याही नको. रत्नागिरीला किंवा जवळ असेल तिथे हाडांच्या डॉक्टरांना दाखव. "महिन्याभरापूर्वी सुरू केलं, एका जागी दुखतं, रात्री दुखतं" ही तीन वाक्यं त्यांना याच शब्दांत सांग.

---

अग्निपथावर१९ | शनिवार, सायंकाळी ६:४५

दाखवलं. एक्स-रे नॉर्मल. डॉक्टरांनी तरी एमआरआय सांगितला, काकांनी पैसे दिले. नडगीच्या हाडात चीर आहे, बारीक. सहा ते आठ आठवडे पळणं बंद, मग हळूहळू. या वेळचं ग्राउंड गेलं. वय अजून आहे माझं, पुढच्या वर्षी बसता येईल. घरी अजून सांगितलं नाही नीट. सायकल चालवली तर चालेल का? पोहलो तर?

---

पाखाडी | शनिवार, रात्री ८:१०

चालताना अजिबात दुखत नसेल तर पोहायला हरकत नाही, पण खाडीत उडी मारून नव्हे, पायऱ्यांनी उतरून. सायकल दोन आठवड्यांनी, सपाटीवर, डॉक्टरांना विचारून. पळायला परवानगी मिळाली की पहिल्या दिवशी एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं थोडा वेळ, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी. लागोपाठ दोन दिवस पळायचं नाही. त्या जागी अंगठा दाबून दुखलं तर एक पाऊल मागे. वेळ लावून पळणं सगळ्यात शेवटी. बोटीवरचं काम सध्या घरच्यांशी बोलून कमी कर. टोपल्या उचलून उड्या मारत धक्क्यावर चढायचं असतं तिथे, मला माहीत आहे.

---

सुभेदार_निवृत्त | रविवार, सकाळी ६:००

बाळा, घरी सांग. वडिलांना फोनवर द्यायचं असेल तर मी बोलतो, मेसेज कर.

आणि हे दोन महिने फुकट घालवू नकोस. बीमला, म्हणजे दांड्याला लटकून हनुवटी वर नेण्याला, पाय लागत नाहीत. दहा बीमचे ४० मार्क असतात, पोरं सगळा जोर पळण्यावर लावतात आणि बीमला सहा-सातवर लटकतात. किती निघतात तुझे?

---

अग्निपथावर१९ | रविवार, सकाळी ९:३०

सहा. सातव्याला हनुवटी वर जात नाही.

---

सुभेदार_निवृत्त | रविवार, सकाळी ९:५०

मग सातवा मोजायचाच नाही. दिवसाआड पाच सेट, प्रत्येकी चार, पूर्ण हात सरळ करून. झोका घ्यायचा नाही. बीमखाली स्टूल ठेव आणि उतरताना त्यावर पाय टेकवून उतर, खाली उडी टाकू नकोस. पंधरा दिवसांनी इथे आकडा लिही.